पाऊणपट

बोर्ड एसटीच्या पार्सलातून आला,
आचरा तिठ्यावर, गुंडाळलेल्या सतरंजीसारखा.
कंडक्टर म्हणाला, तंबू काय ओ बाई?
हो म्हटलं.
एकवीस वर्षं पतपेढीत काढल्यावर
कुणाला किती सांगायचं ते कळतं.

अंगणात हवा भरली.
पंपाचे दोनशे दहा दांडे,
आधी खांदे गेले, मग कंबर,
तेव्हा कुठे काटा पंधरावर.
समोरच्या माडावरून उतरणारा पाडेली
अर्ध्यातच थांबून बघत राहिला.

मिलाग्रीनकडे कयाक. नारिंगी.
बंद पडलेल्या रिसॉर्टातून उचललेली,
बुडाला चीर, चिरेवर वितळवलेल्या बादलीचं ठिगळ.
ती नर्स आहे.
ठिगळ कसं बसलंय यावर बोलत नाही,
निघताना नुसतं अंगठ्यानं चाचपते.
माझं जॅकेट तीच आवळते.
श्वास घे म्हणते. घेतला
की आणखी एक पट्टा.

पहिला महिना पडण्यात गेला.
उभं राहायचं तर पायांकडे बघायचं नाही,
पलीकडच्या कांदळवनाकडे बघायचं,
एवढं कळेपर्यंत
अर्धी खाडी नाकातोंडात.
वल्हंही मी उलटं धरत होते,
पात्याचा बाक माझ्याकडे;
तो पुढे हवा,
हे खेकड्यांची जाळी लावणाऱ्या पोरानं सांगितलं,
ज्यानं असलं वल्हं कधी हातात धरलं नव्हतं.

मग ती चतुर्थी.
साडेसातला निघालो, वर, साकवाकडे.
पाणी समोरून येत होतं.
म्हटलं, चला, व्यायाम होतोय.
फोनवर वारा पाहिला होता, ऊन पाहिलं होतं,
पिशवीत केळी, शिट्टी, बँडेज.
पाणीच बघायचं राहिलं.

साडेआठच्या सुमाराला खालचं पातं वाळूत खसकन अडलं
आणि मी पुढे, गुडघ्यांवर.
कयाक आणखी दोन हात सरकली
आणि तीही बसली.
खाडीच्या मधोमध कोरड्यात दोन बाया,
एक उभी, एक अजून बसलेलीच,
मांडीवर वल्हं घेऊन,
जणू कुणी ढकलायला येणार आहे.

मुळे काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन आल्या.
सत्यभामा मेथर, कमरेवर हात:
"खंय चललास गो दोघी? बाजाराक?"
हसून झाल्यावर विचारलं, आज तीथ काय?
चवथ, मिलाग्रीन म्हणाली;
तिच्या शेजारी उपास होता.
"मगे? चाराची पावणपट?"
तीन.
"तीनाक भरती. मगे सुकती कधी?"
व्याजाची कोष्टकं तोंडपाठ असलेली मी
बोटं मोजत होते.
नऊ.
घड्याळ बघायची गरज नव्हती.

तिनं एक शिंपला दिला, खण म्हणाली,
नायतरी काय करतलास.
खणलं. बारापर्यंत.
नखांत काळा चिखल, टाचेत घुसलेलं कालव
(नऊशेचे रबरी जोडे घरी पायरीवर सुकत होते),
आणि पदरी मोजून सव्वीस मुळे,
त्यातले चार रिकामे.

पाणी आलं ते कयाकच्याच चरातून,
सुतासारखं.
मग बोर्ड जरासा हलला,
गुरू उठताना आधी मागचे पाय झाडतं तसा.

आता कॅलेंडरावर तारखेखालचा बारीक आकडा वाचते.
शेजारी पेन्सिलीनं: अष्टमी, सहा. नवमी, पावणेसात.
रविवारी येतेस का, असं कुणी विचारलं
तर आधी पान उलटून बघते.

आज एकादशी. सव्वाआठची भरती.
पाण्याबरोबर वर गेलो, साकवाखालून वाकून,
पाण्याबरोबरच परत.
मुळेवाल्या कुणी नाहीत, अजून त्यांची वेळ नाही.
ती वाळू इथेच कुठेतरी, खाली.
मी थांबते, वल्हं उभं धरून खुपसते,
मुठीपर्यंत, मग मनगटापर्यंत.
लागत नाही.